मुकं मीटर

जनावरांच्या डॉक्टरांची गाडी चार महिन्यांत तिसऱ्यांदा ढकलत आली, तेव्हा धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग डॉक्टरांवर नव्हता. तो बिचारा माणूस दोन मैल गाडी ढकलून घामाने निथळत होता, आणि औषधांची पेटी अजून मागच्या सीटला तशीच बांधलेली होती. राग नक्की कुणावर आहे हे तिला सांगता आलं नसतं, आणि तसा राग जास्त वाईट असतो. कुणाला धरून झापावं ते कळत नाही, मग माणूस पान्हे आपटत बसतो.

"आधी हॉर्न घोगरा झाला, मग दिवा मंद झाला, मग गाडीच बसली," डॉक्टर म्हणाले. "बॅटरी तुम्हीच नवी घातलीत, कॉइल तुम्हीच नवी घातलीत. मी आता एका अडलेल्या गायीकडे निघालो होतो, ताई. पायी जाऊ का तिच्याकडे?"

"माझी स्कूटर न्या," धाकटी म्हणाली आणि किल्ली त्यांच्या हातात कोंबली.

"त्याच चोराचं काम आहे हे," आतून मिस्त्री ओरडला. मिस्त्री म्हणजे तिचा बाप. हल्ली तो साधं "पाणी दे" म्हणाला तरी रस्त्यापलीकडचा वेल्डर मान वर करून बघायचा. वय झालं की डोकं लवकर तापतं, असं सगळी रांग म्हणायची. दहा गॅरेजांची ती रांग, एका टोकाला वाइंडरकाकाचं दुकान आणि दुसऱ्या टोकाला चहाचं. मिस्त्रीचं गॅरेज मधोमध. थोरली लग्न करून गेली, धाकटीने अठराव्या वर्षी पान्हा उचलला तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. नाव तिलाही होतं, पण रांगेत ती धाकटीच.

"बाबा, ही कॉइल काकांची नाहीये," ती म्हणाली. "कंपनीची आहे. डबा तुमच्यासमोर फोडला होता मी."

"मग कंपनीही चोर." एवढं बोलून मिस्त्रीने पाठ फिरवली. त्याच्या मते विषय संपला होता.

झालं होतं काय, ते सांगायला हवं. ह्या जुन्या, एका सिलिंडरच्या जड गाड्यांना डाव्या पायाशी एक मोठं झाकण असतं. त्याच्या आत इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी चेन फिरते. बाहेरच्या चाकाची नव्हे, ही आतली; प्रायमरी चेन म्हणतात तिला. त्याच झाकणात, इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला, एक चुंबक गरगरत असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली कॉइल असते. चुंबक फिरतो, कॉइलमधून वीज निघते, बॅटरी भरते. दोघांमध्ये अंतर असतं एका जाड कागदाएवढं. चुंबकाने कॉइलला कधीही शिवायचं नसतं, शिवला की तार सोलली जाते आणि चार्जिंगचे बारा वाजतात.

जळलेली कॉइल नव्याने गुंडाळून द्यायचं काम वाइंडरकाकाचं. पस्तीस वर्षं मिस्त्रीच्या सगळ्या कॉइल त्यानेच भरल्या. दोघं एकाच वर्षी रांगेत आले, एकाच दिवशी दोघांनी पाट्या रंगवल्या, आणि दोघांच्या पाट्यांवर एकाच रंगाचे ओघळ होते, कारण डबा एकच होता. असा तो दोस्ताना. तो गेल्या महिन्यात मिस्त्रीने चहाच्या दुकानात, सकाळी अकरा वाजता, भरल्या रांगेसमोर मोडीत काढला.

काकाच्या पाच कॉइल वर्षभरात परत आल्या होत्या, सगळ्या जळून. मिस्त्री कप हातात घेऊनच उभा राहिला आणि म्हणाला की ह्याने तार बदललीय, जुन्या पंख्यांची तार काढून भरतो हा. वाइंडरकाका मुळात हळू बोलणारा माणूस. तो उठून मिस्त्रीजवळ आला, त्याच्या कानाशी वाकला आणि काहीतरी म्हणाला. मिस्त्री अर्धा क्षण त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, मग भडकला. "पुटपुटतोस काय? खरा असशील तर मोठ्याने बोल. चोराचाच आवाज असा खाली जातो." काकाने कप ठेवला आणि निघून गेला.

धाकटीला तेव्हा वाटलं, बोलायला तोंडच नसेल. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली, जळकी कॉइल त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हणाली, "काका, थोडी तार वाचवून काय मिळवलंत?" लहानपणी ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तिने सबंध रांग पाहिली त्याला ती हे म्हणाली. महिन्याभरात बाकीच्या नऊपैकी आठ गॅरेजांनी काकाकडे कॉइल टाकणं बंद केलं. मिस्त्रीचा शब्द रांगेत शेवटचा असायचा. आता काका दुकान मोडून लेकीकडे, म्हणजे जावयाच्या दारात, राहायला जाणार असं ऐकू येत होतं.

आणि आज कंपनीची, सीलबंद डब्यातली कॉइल मेली होती.

धाकटीने गाडी स्टँडवर घेतली, तेल काढलं, झाकण उघडलं. एरवी हे काम ती गुणगुणत करायची. आज तिने बोल्ट असे फिरवले की एकाचं डोकं गुळगुळीत झालं आणि तिने त्यालाही चार शिव्या घातल्या. तेलात करडी चमकणारी पूड होती. चुंबकाला हात लावून हलवला तर तो किंचित हलला. हलायला नको होता. दांड्याचं बेअरिंग गेलं होतं. कॉइल उतरवली तर तिच्या एका बाजूला, क्लचकडच्या बाजूला, बोटाएवढ्या जागेत वार्निश साफ खरवडलेलं आणि आतली तार काळी.

आता मीटर लावून खात्री करायची. तार कॉइलच्या लोखंडी गाभ्याला कुठे चिकटली असेल तर मीटर पिप् करून बोंबलतं. पण तिचं मीटर सकाळीच बॅटरीवाला मागून घेऊन गेला होता, आणि त्या माणसाने नेलेली वस्तू परत यायची म्हणजे आठवडा. तिने भंगाराचा खण ओढला. आत बापाचं जुनं मीटर पडलं होतं. वर्षापूर्वी त्याने ते टाकून दिलं होतं. "ह्याचा आवाज गेला. मुकं झालंय," म्हणाला होता. चष्म्याशिवाय त्याला आकडे दिसत नसत, तो नुसत्या आवाजावर चालायचा. तेव्हा तिने नवं आणलं, त्याला त्याने कधी हातही लावला नाही. मला मीटर लागत नाही, मला कान आहेत, असं वर सांगायचा.

निदान आकडे तरी दिसतील, म्हणून तिने त्याच्या दोन सुया कॉइलला लावल्या.

मीटर वाजलं. चांगलं खणखणीत वाजलं, कानाला टोचेल असं.

ती चमकली. सुया उचलल्या, पुन्हा टेकवल्या. पुन्हा वाजलं. सेलसुद्धा तोच जुना होता. मिस्त्री तिच्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरा, कार्ब्युरेटर पुसत बसला होता. तिने सुया एकमेकींना चिकटवून धरल्या आणि सोडल्याच नाहीत. पी करून लांबलचक सूर लागला. रस्त्यापलीकडच्या वेल्डरने तोंडावरची ढाल वर केली. मिस्त्री कार्ब्युरेटर पुसतच राहिला. मग सहज वळला आणि तिच्या हातात मीटर बघून म्हणाला, "ते मुकं मीटर कशाला घेतलंस? फेक ते."

मीटर अजून तिच्या हातात वाजत होतं.

तिने सुया सोडवल्या. मग एकेक गोष्ट रांगेने आठवायला लागली. टीव्हीचा आवाज. फोन वाजतोय हे त्याला दिवा लागल्यावरच कळायचं. "काय?" हा शब्द. आणि ते ओरडणं. वर्षभर ती समजत होती की बाप आपल्यावर खेकसतो, म्हणून तीही खेकसत होती, आणि आई दोघांच्या मधे बसून जेवत होती. त्याला बिचाऱ्याला आपण किती मोठ्याने बोलतोय हेच ऐकू येत नव्हतं.

पण हा कळवळा फार वेळ टिकला नाही. कारण पुढचं आठवलं ते चेनचं.

प्रायमरी चेन किती ताणायची ह्याला माप आहे. झाकणाला वर एक बूच असतं, ते काढायचं, बोट घालायचं, चेन पाव इंच वरखाली झाली पाहिजे. सैल राहिली तर आत फटके मारते, आवाज जाड, धबधब असा. ताठ झाली तर शिट्टीसारखी बारीक किंचाळते. ताठ चेन दांड्याला सतत मागे, क्लचकडे, ओढते, बेअरिंग खाते, आणि बेअरिंग खाल्लं की चुंबक मागच्या बाजूला कॉइलला घासतो. मिस्त्री बूच कधी उघडायचा नाही. खालच्या भोकातून पेचकस घालून चेन ताणायची, गाडी सुरू करायची, दुसरा लांब पेचकस झाकणाला टेकवून त्याची लाकडी मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटायचे. फटका मंद होत जाईल तशी आवळायची, शिट्टीची पहिली चाहूल लागली की किंचित सोडायची. सगळ्या रांगेत हे फक्त त्याला जमायचं. त्या वेळी ग्राइंडर बंद, रेडिओ बंद, आणि बाकीच्यांनी बाहेर. तिनेसुद्धा.

जाड आवाज त्याला अजून येत होता. बारीक येत नव्हता. माप बरोबर असलं तरी थोडा फटका राहतोच; तो पार जाईपर्यंत मिस्त्री आवळत होता, आणि थांबवायला शिट्टी नव्हतीच.

"गाडी शिट्टी मारते हो हल्ली," हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं होतं. तिने स्वतः ऐकली होती ती शिट्टी. आणि काय म्हणाली होती ती? बाबांनी ऐकून सोडलीय, म्हणजे ठीकच असणार. बापाच्या कानांपुढे तिने स्वतःचे चांगले कान खोटे ठरवले होते. आता राग कुणावर काढायचा ते तिला नीट कळलं, आणि त्यात ती स्वतः होतीच.

तिने कॉइल फडक्यात गुंडाळली आणि रांगेच्या टोकाला गेली.

वाइंडरकाका तार गुंडाळायच्या मशीनला तेल देत होता. मशीन पुसून लख्ख केलेलं, भिंतीवरच्या तारेच्या रिळांपैकी निम्मी खाली उतरवलेली.

"दुकान बंद आहे," तो मान वर न करता म्हणाला. त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात.

"उघडं दिसतंय, काका."

"तुमच्यासाठी बंद आहे."

तिने कॉइल टेबलावर ठेवली. ह्या वेळी आपटली नाही. काकाने ती नाइलाजाने उचलली, फिरवली, आणि खरवडलेल्या जागेवर त्याचा अंगठा थांबला.

"ही माझी नाही."

"नाही. कंपनीची आहे."

काका उठला, फळीवरून एक लाकडी खोका काढला आणि तिच्यासमोर पालथा केला. पाच कॉइल. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, त्यावर तारीख आणि गाडी कुणाची ते. त्याने पाचही एका ओळीत लावल्या. पाचही क्लचकडच्या बाजूलाच घासलेल्या.

"तार खराब असती तर कुठेही जळली असती," तो म्हणाला. "कधी पुढे, कधी वर. ह्या सगळ्या मागेच का? कोण ओढतं चुंबकाला मागे?"

"चेन."

"अगं, मग एवढं कळतं तर माझ्या टेबलावर काय आपटायला आली होतीस?" त्याचा आवाज वाढला नाही, पण कंपनीची कॉइल त्याने तिच्याकडे ढकलली. "आणि हे मी त्याला सांगितलं होतं. त्याच दिवशी, चहाच्या दुकानात. कानात सांगितलं, कारण म्हटलं, रांगेसमोर त्याची शोभा नको. 'चेन बघ रे, ताठ ओढतोयस.' एवढंच म्हणालो. त्यावर त्याने मला चोर ठरवलं."

"काका, त्यांना ते ऐकू आलं नाही."

"त्याला ऐकायचं नव्हतं."

"नाही, काका. ऐकूच येत नाही. वर्ष झालं."

काकाने पाचही कॉइल एकेक करून खोक्यात परत ठेवल्या. धाकटीला वाटलं, आता हा विरघळेल. कसला विरघळतोय.

"म्हणजे तो बहिरा म्हणून मी चोर," तो म्हणाला. "छान आहे. आणि तुम्ही घरातली माणसं वर्षभर काय करत होतात? परवा हे मशीन न्यायला माणूस येतोय. मी ह्या वयात जावयाच्या पडवीत बसून त्याच्या पोरांच्या सायकलींना हवा भरणार. तुझ्या बापाचे कान गेले, माझं तर सगळंच गेलं. मला तुझी माफी नको. जिथे बोलला तिथे येऊन बोलू दे त्याला. उद्या अकराला मी चहाला येतो. तो नाही आला तर पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू नकोस."

संध्याकाळी मिस्त्री अंघोळीला गेला तेव्हा तिने आईला विचारलं. आई भाजी चिरत होती, सुरी थांबलीसुद्धा नाही.

"मला कधीचं माहीत आहे," आई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. त्यांना ऐकू गेलं नाही." आणि मग, हसू येऊ नये म्हणून ओठ दाबत, "कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवतात. तुझा बाप सगळं सोडेल, कान सोडणार नाही. त्या कानांवर तर आपण इतकी वर्षं जेवलो."

"दुसरा एक माणूस जेवायचा राहतोय त्यापायी," धाकटी म्हणाली. आईची सुरी थांबली.

सकाळी बेकरीवाल्याची गाडी साध्या सर्व्हिसला आली होती. धाकटीने वरचं बूच उघडलं, बोट घातलं आणि चेन मापाप्रमाणे बरोबर पाव इंचावर बसवली. चाक फिरवून चार ठिकाणी बघितली. बूच लावलं, गाडी सुरू केली. मिस्त्रीला हाताने खुणावलं.

"जरा ऐकता का, बाबा?"

त्याची कळी खुलली. लांब पेचकस घेतला, झाकणाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "सैल आहे," तो ओरडला. "कुणी शिकवलं तुला? फटके मारतेय." आणि गाडी बंद करून आवळायला बसला. ह्या वेळी धाकटी बाहेर गेली नाही. त्याने आवळलं, सुरू केलं, ऐकलं, पुन्हा आवळलं. तिसऱ्या खेपेला गाडीतून असा बारीक, चिरका सूर निघाला की शेजारच्या गॅरेजातल्या माणसाने मान आत घालून बघितलं, आणि स्कूटर परत करायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दारातच कानांवर हात ठेवले. मिस्त्री डोळे मिटून, मूठ कानाशी धरून, समाधानाने मान हलवत होता.

"आता कशी शांत झाली बघ," तो म्हणाला.

धाकटीने किल्ली फिरवून गाडी बंद केली. रात्रभर तिने ठरवलं होतं की गोड बोलायचं, समजावून सांगायचं. त्यातलं काही तिला आठवलं नाही.

"शांत?" ती त्याच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाली. "गाडी बोंबलत होती, बाबा. रांगभर ऐकू गेलं. तुम्हाला सोडून सगळ्यांना."

"कोण बोंबलतंय? तूच बोंबलतेयस."

"चेन ताठ आवळताय तुम्ही. वर्षभर. प्रत्येक गाडीत. कॉइल काकांची नाही, कुणाचीच खराब नव्हती."

"माझ्या कानांना नावं ठेवू नकोस," मिस्त्री म्हणाला, आणि हातातला पेचकस त्याने बाकावर असा हाणला की नट-बोल्टांचा डबा उलटला. "तू जन्माला यायच्या आधीपासून ह्या कानांनी..."

तिने मीटर त्याच्यासमोर धरलं. दोन सुया एकमेकींना लावल्या.

"वाजतंय का?"

"मुकं आहे ते. मीच सांगितलं तुला."

तिने त्याचा हात धरला. तो सोडवून घ्यायला लागला, पण चौदा वर्षं पान्हे फिरवलेला हात तिचाही होता. तिने त्याचं बोट मीटरच्या पाठीवर, जिथे आवाजाची बारीक भोकं असतात तिथे, दाबून ठेवलं. सुया जोडल्या. सोडल्या. जोडल्या. प्रत्येक वेळी भोकांखालचा पत्रा त्याच्या बोटाला बारीक थरथरत लागला असणार, कारण त्याचा हात ओढायचा थांबला. मग त्याने स्वतःच सुया तिच्याकडून घेतल्या. जोडल्या, सोडल्या. कितीतरी वेळ तो तेच करत होता. डॉक्टर दारातून मागे सरकले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"वाजतंय?" शेवटी त्याने विचारलं.

"वाजतंय. तेव्हाही वाजतच होतं."

मिस्त्री उलट्या खोक्यावर बसला. खाली सांडलेले बोल्ट एकेक करून डब्यात टाकायला लागला, नटांत नट, बोल्टांत बोल्ट, आकाराप्रमाणे. धाकटीचा राग अजून उतरला नव्हता. पण हा माणूस एवढा लहान कधी झाला, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याचाही राग आला.

"त्या दिवशी तो माझ्या कानाशी काहीतरी म्हणाला होता," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "काय म्हणाला होता?"

"'चेन बघ रे, ताठ ओढतोयस.'"

त्याने हातातला बोल्ट डब्यात टाकला नाही. मुठीत धरून तसाच बसला.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"अकराला पाच कमी."

चहाच्या दुकानात सगळी रांग जमली होती. वाइंडरकाका कोपऱ्यातल्या बाकावर एकटा बसला होता. त्याच्या शेजारी हल्ली कुणी बसत नसे. मिस्त्री आत आला तशी बोलणी थांबली. धाकटी दाराशीच उभी राहिली. आता हा उभा राहून सगळ्यांसमोर बोलेल, असं तिला वाटलं. पण त्याची हिंमत झाली नाही, हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं. वर्षभर ज्याने सगळं ओरडून सांगितलं त्याला हे एक गुपचूप सांगायचं होतं. तो काकाच्या बाकाजवळ गेला, वाकला, काकाच्या कानाशी तोंड नेलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा केला, आणि बोलला.

"चूक माझी होती. तुझी तार चांगली होती. चेन मीच ताठ आवळत होतो."

चहावाल्याचा हात किटलीवर थांबला. दूर आपल्या दारात वेल्डर उभा होता, त्यानेही ऐकलं.

"तुला चोर म्हणालो मी. माझी जीभ झडो. मला ऐकू येत नाही रे. वर्ष झालं. कुणाला सांगू नकोस."

ज्या आठ जणांनी काकाचं काम बंद केलं होतं ते आठही आपापल्या कपात बघत होते. काकाने दाराकडे, धाकटीकडे पाहिलं. सांगू का ह्याला, असं त्याच्या नजरेत होतं. तिने मान हलवली. नको.

"हळू बोल," काका म्हणाला. त्याच्या त्याच आवाजात.

"काय?"

"हळू बोल, म्हटलं."

"हळूच बोलतोय," मिस्त्री म्हणाला, आणि ते तर पलीकडच्या गल्लीतही गेलं असेल.

वाइंडरकाकाचा चेहरा लालबुंद झाला. पस्तीस वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवलेला रांगेने ऐकला नव्हता. तो उभा राहिला, मिस्त्रीची मानगूट एका हाताने पकडली, त्याचं डोकं स्वतःकडे ओढलं, आणि त्याच कानात, महिनाभर पोटात साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढत ओरडला, "चेन सैल सोड, गाढवा."

मिस्त्री मानगूट त्याच्या हातात तशीच ठेवून उभा राहिला. मग त्याने मान हलवली.

"आलं ऐकू," तो म्हणाला.